अतिक्रमणाच्या गाडीतलं पिठलं

प्रेमिलाबाईंचे आठ गुरुवार अगदी सुरळीत पार पडले, आणि आठव्याच्या संध्याकाळीच प्रेमानंद ऑटोवाल्यानं ऑटो विकून वर्ध्याला लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. लेकीकडे जाण्याबद्दल प्रेमिलाबाईंचं काहीच म्हणणं नव्हतं. फक्त आणखी तीन आठवडे थांबला असता तर लेकीचं काय अडलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याबद्दल त्यांनी लगेच देवासमोर जाऊन कान धरले.

व्रत तसं साधं होतं. शेगावच्या महाराजांच्या नावानं अकरा गुरुवार. एक्कावन्न भाकरी आणि मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून पिठलं आपल्या हातानं रांधायचं, नागपुरात सदरच्या अलीकडे जो मोठा दवाखाना आहे त्याच्या फाटकापाशी न्यायचं, आणि पेशंटच्या नातेवाइकांना, येणाऱ्या-जाणाऱ्या भुकेल्यांना आपल्या हातानं वाढायचं. शेवटची भाकर दिवेलागणीच्या आत भुकेल्याच्या हातात पडली पाहिजे. ती पडेपर्यंत आपण पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आणि एक गुरुवार जरी हुकला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे शेवटचं कलम चंपतरावांना फार लागायचं. ते प्रेमिलाबाईंचे यजमान. खापरखेड्याच्या वीज केंद्रात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. व्रत बायकोचं होतं, पण त्या दिवशी स्वयंपाकघरातला प्रत्येक कण महाराजांच्या नावानं राखलेला असल्यामुळे उपास दोघांनाही घडे. आठ गुरुवार त्यांनी धीरानं काढले होते. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, की त्यांच्या पोटात आत्ताच कावळे बोलू लागत.

त्याच संध्याकाळी दुसरा ऑटोवाला पाहिला. त्यानं गंजाचा आकार पाहिला आणि म्हणाला, ‘‘काका, ह्यात तं माह्या ऑटोचीच आंघोळ होते.’’ तिसरा तयार झाला, पण आधी तालीम म्हणून रिकामा गंज ठेवून त्यानं एक चक्कर मारली, आणि पहिल्याच गतिरोधकावर गंज असा घरंगळला की समोरून येणाऱ्या बाईंनी स्कूटी सोडून हात वर केले.

तेव्हा नानाजींनी सल्ला दिला. नानाजी हे शेजारचे. त्यांच्याकडे कुणी सल्ला मागितला आहे असा दाखला लेआउटमध्ये, म्हणजे त्यांच्या वसाहतीत, नाही. पण तो मिळाला नाही असंही घर नाही.

‘‘सरकारी लिलावात गाडी घ्या, चंपतराव,’’ नानाजी कुंपणावर हात ठेवून म्हणाले. ‘‘सरकारी गाडीले कोणी पळवलेलंच नसते. आठवड्यातून दोनदा निघते, बाकी दिवस झाडाखाली. इंजिन म्हणजे नवरीसारखं कोरं! व्रत झालं का खापरखेड्याच्या प्लॉटवर विटा न्यायले कामी येईल.’’

‘‘तीन गुरुवारांसाठी ट्रक?’’ प्रेमिलाबाईंनी विचारलं. पण त्यांचा आवाज मुळातच इतका हळू, की घरातला पंखा चालू असला तर त्यांचं म्हणणं पंख्यापाशीच राही. चंपतरावांचे डोळे तोवर लकाकले होते. निवृत्तीनंतर अडीच वर्षं त्यांच्या ताब्यात एका विळीशिवाय आणि दोन टॉर्चशिवाय काहीच आलेलं नव्हतं.

लगेच दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते लिलावाला गेले आणि संध्याकाळी जावई शोधून आल्यासारख्या चेहऱ्यानं परत आले.

‘‘मिळाली वं! पिवळी आहे. छोटीच आहे. मागून मजबूत लोखंडी जाळी आहे, गंज म्हणशील तर हलायचा नाही.’’

‘‘चालते ना?’’

‘‘चालवली की चालेल,’’ चंपतराव म्हणाले. ‘‘समोरून थोडी लागली आहे.’’

ती थोडी म्हणजे किती, हे शनिवारी जरीपटक्यात धम्मानंदच्या गॅरेजवर कळलं. गाडी दोरानं ओढत आणली होती. डावा दिवा नव्हता, डावा दरवाजा नायलॉनच्या दोरीनं बांधलेला होता, आणि समोरचा पत्रा असा आत गेला होता की गाडी कुणावर तरी रुसून गाल आत ओढून बसली आहे असं वाटे.

‘‘काका, कशाले धडकली ही?’’ धम्मानंदनं विचारलं. हा मिस्त्री वयानं पस्तिशीचा, हाताचा मोठा हुशार. पण बोलल्याशिवाय त्याचा पाना फिरत नसे.

‘‘खांबाले.’’

‘‘मले तं वाटते खांबच हिच्यावर धावून आला.’’ त्यानं गाडीला एक फेरी मारली, आणि बाजूला येऊन थबकला. ‘‘काकू, वाचलं काय तुम्ही?’’

प्रेमिलाबाईंनी चष्मा लावला. गाडीच्या दोन्ही अंगांना हात-हातभर अक्षरांत लिहिलं होतं: अतिक्रमण विरोधी पथक.

रस्त्यावरची दुकानं उचलणारी गाडी! प्रेमिलाबाईंनी चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी टपावरच्या भोंग्याकडे पाहिलं.

‘‘त्यात काय एवढं?’’ धम्मानंद म्हणाला. ‘‘दोन दिवसांत पांढरीशुभ्र करून देतो. बाजूनं महाराजांचा फोटो काढू.’’

‘‘रंगाले हात लावायचा नाही!’’ चंपतराव एकदम मोठ्यानं म्हणाले. ‘‘गाडी अजून माझ्या नावावर झाली नाही. माझ्याजवळ नुसतं ताबापत्र आहे. कागदावर ती सरकारचीच. सरकारी रंगाले, सरकारी अक्षराले मी हात लावू शकत नाही.’’

‘‘अजी काका, सरकारनं तं तिले खांबाले नेऊन धडकवली!’’

‘‘ते त्यांच्या अधिकारात झालं.’’

इथं चंपतरावांचा स्वभाव सांगितला पाहिजे. चौतीस वर्षांत त्यांनी सहीशिवाय एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे जाऊ दिला नव्हता. एकदा साक्षात मोठ्या साहेबांनी एक बोल्ट सहज हातात घेऊन खेळत खेळत बाहेर नेला, तेव्हा चंपतराव त्यांच्यामागे बंगल्यापर्यंत चालत गेले होते. अशा माणसाला ‘पुढच्या आठवड्यात नाव लागेलच की, आज रंग मारून घ्या’ असं सांगणं म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात लग्न आहेच की’ असं सांगण्यासारखं होतं. तेव्हा पत्रा ठोकायचा, कारण तो नुकसानीत मोडतो. दिवा बसवायचा, कारण तो सुरक्षेत मोडतो. पण रंग आणि अक्षरं जशीच्या तशी, असा निवाडा झाला.

नाव का लागत नव्हतं, हाही एक अध्याय आहे. ज्या खात्याची गाडी, त्याचं नाव इथं घेण्यात अर्थ नाही; त्या बिचाऱ्यांनाही प्रपंच आहे. चंपतराव तिथं तीन वेळा गेले. खिडकीतल्या बाईंनी तिन्ही वेळा कॉम्प्युटर पाहिला.

‘‘काका, ही गाडी तर ड्यूटीवर दाखवते.’’

‘‘मॅडम, ती जरीपटक्यात विटांवर उभी आहे. चारही चाकं काढली आहेत.’’

‘‘चाकांचं मला दिसत नाही. इथं कालची फेरी लागली आहे.’’

‘‘मग चालवून कोण राहिलं तिले?’’

बाईंनी पुन्हा पाहिलं. ‘‘ड्रायव्हर रजेवर आहे,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही चेहरा जरा चिंतेत पडला.

बुधवारी संध्याकाळी धम्मानंदनं गाडी तयार करून, दोघांना आत बसवून स्वतः घरी आणली. गाल बराचसा बाहेर आला होता. डोळे दोन झाले होते. एक पांढरा, एक जरा पिवळसर. इंजिनाच्या बाबतीत मात्र नानाजी खरे ठरले. ते नवरीसारखंच निघालं. पहिल्यांदा बोलायला वेळ लावी, मग थांबत नसे.

‘‘एकच भानगड आहे काकू,’’ धम्मानंद वाटेत म्हणाला. ‘‘रिव्हर्स टाकला की भोंगा बोलते.’’

‘‘बंद नाही होत?’’

‘‘कोण्या महात्म्यानं त्याची अन् स्टार्टरची वायर एकातच गुंतवली आहे. भोंगा कापला तं गाडी बंद. पूर्ण वायरिंग बदलाले आठ दिवस पाहिजेत, अन् काका म्हणते, वायर सरकारी आहे.’’

लेआउटची गल्ली अरुंद. गाडी आत घालायची तर उलटी घालावी लागे. धम्मानंदनं रिव्हर्स टाकला, आणि भोंग्यातून एक रांगडा आवाज उभ्या गल्लीवर कोसळला: ‘‘रस्त्यावरील सर्व दुकानदारांनी व रहिवाशांनी आपले अतिक्रमण ताबडतोब काढून घ्यावे! अन्यथा जप्तीची कारवाई करण्यात येईल!’’

पुढची पाच मिनिटं प्रेमिलाबाई आयुष्यभर विसरणार नाहीत. वीस वर्षं ज्या गल्लीला त्या सज्जनांची गल्ली म्हणत आल्या, ती गल्ली अक्षरशः आत ओढली जाऊ लागली. कुंड्या आत गेल्या. झोपाळा आत गेला. कुणाची कार भलत्याच्याच फाटकात शिरली. सत्यवतीबाई, म्हणजे नानाजींच्या सौभाग्यवती, तुळशीवृंदावन कवेत घेऊन उभ्या होत्या आणि ‘‘अवो, हिले तरी सोडा, ही तुळस आहे, ही तुळस आहे!’’ म्हणत होत्या. आणि खुद्द नानाजी? नानाजींनी घराच्या तीन पायऱ्या आणि त्यावरचं पत्र्याचं शेड रस्त्यावर चांगलं चार फूट पुढे घेतलेलं होतं. पथक येण्याच्या आत आपण होऊन काढलं तर दंड लागत नाही, हा सल्ला ते वर्षानुवर्षं लोकांना देत आले होते. आता त्यांनी तो स्वतः घेतला. बनियनवर, हातात घण घेऊन, ते आपल्याच तिसऱ्या पायरीवर तुटून पडले होते.

गाडी थांबली. दोरीचा दरवाजा उघडून चंपतराव उतरले. हातात पेढ्यांचा पुडा.

नानाजींनी घण खाली ठेवला. तोपर्यंत दोन पायऱ्या गेल्या होत्या.

‘‘तुम्ही?’’ ते म्हणाले.

‘‘तुमचाच सल्ला, नानाजी,’’ चंपतराव मनापासून म्हणाले. ‘‘घ्या, पेढा घ्या.’’

त्या दिवसापासून नानाजींनी चंपतरावांना सल्ला देणं सोडलं. सत्यवतीबाई मात्र बोलल्या. ‘‘प्रेमिला, तू इतकं हळू बोलतं, पण करणी तुही मोठ्ठ्या आवाजाची आहे वं,’’ एवढंच बोलल्या, आणि तुळस घेऊन आत गेल्या. प्रेमिलाबाईंना रात्रभर ते बोल लागून राहिले. सकाळी उठून त्यांनी गाडीची पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि गाडीच्या ठोकलेल्या गालाला हळद-कुंकू लावताना हळूच म्हणाल्या, ‘‘तुझ्या मागल्या कामाशी माझं भांडण नाही बाई. पण आता पिठल्याची लाज राख.’’

गाडीनं ती कशी राखली, ते ऐका.

नववा गुरुवार. साडेचारला दवाखान्याच्या फाटकापाशी पोचले. नेहमीसारखी गजबज: केळ्यांचे ठेले, चहा, मोजे-रुमाल, प्लास्टिकचे डबे, आणि पदपथावर चटया टाकून बसलेले खेड्यापाड्यांतले नातेवाईक. गाडी नीट लावायची म्हणून चंपतरावांनी रिव्हर्स टाकला.

भोंगा संपेपर्यंत रस्ता झाडून घेतल्यासारखा झाला होता. ठेले गेले, मोजे गेले, चहावाल्यानं उकळता चहा पातेल्यासकट डोक्यावर घेतला. आपल्यालाच उठवत आहेत असं वाटून नातेवाईकही चटया गुंडाळून पळाले. रस्त्याच्या मधोमध एक चप्पल आणि अर्धं सोललेलं संत्रं राहिलं.

‘‘अहो, थांबवा त्यांना!’’ प्रेमिलाबाई म्हणाल्या. चंपतराव दोन्ही हातांत भाकरी घेऊन धावले. ‘‘घ्या हो, घ्या! अहो, काही नाही करत, घ्या!’’ पण अतिक्रमणाच्या गाडीतून उतरलेला माणूस मागे धावतो आहे म्हटल्यावर कोण वळून पाहणार की त्याच्या हातात काय आहे? ते जितके धावले, तितके लोक लांब गेले. एक मोजेवाला सापडला. त्यानं सगळे मोजे चंपतरावांच्या पायांवर ठेवले आणि हात जोडले.

सूर्य उतरू लागला. प्रेमिलाबाईंच्या पोटात सकाळपासून पाणी होतं, आता तेही थंड पडलं. नऊच गुरुवार, आणि पुन्हा पहिल्यापासून! तेवढ्यात फाटकाच्या कोपऱ्यातून आवाज आला.

‘‘मी नाही पळत! गुडघे गेले माहे. न्या! केळं न्या, काटा न्या, मलेबी उचलून टाका गाडीत!’’

ती कौसल्या. केळ्यांच्या ठेल्यावर ठाण मांडून बसली होती. आजवरचं पिठलं नातेवाइकांतच संपून जाई, ठेल्यांपर्यंत कधी पोचलं नव्हतं. प्रेमिलाबाई तिच्याजवळ गेल्या.

‘‘मावशी, पिठलं-भाकर घेता काय?’’

‘‘अं?’’

‘‘पिठलं-भाकर.’’

कौसल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं. ‘‘आता हा नवा कायदा निघाला काय? पहिले जेवू घालायचं, मंग जप्त करायचं?’’ पण भाकर घेतली. एक घास खाल्ला. डोळे मिटले. मग तिनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की आडोशाआडोशाला दडलेला अख्खा बाजार डोकं काढून पाहू लागला. ‘‘या रे बाबूहो! खोटी गाडी आहे! पिठलं खरं आहे!’’

शेवटची भाकर गेली आणि खांबावरचा दिवा लागला. प्रेमिलाबाई दिव्याला हात जोडून तशाच बसल्या.

दहाव्या गुरुवारी चंपतरावांनी खबरदारी घेतली. अक्षरांना हात लावता येत नाही, पण झाकायला हरकत नाही, असा नियमाचा अर्थ त्यांनी दोन दिवस विचार करून काढला आणि जुनी चादर बांधली. वाऱ्यानं चादर सरकली आणि फक्त मधला शब्द झाकलेला राहिला. सदरमध्ये सिग्नलला एक गृहस्थ काचेपाशी आले. ‘‘भाऊ, हे ‘अतिक्रमण पथक’ म्हणजे तुम्ही करून देता काय? माझ्या दुकानासमोर दहा फूट पाहिजे होतं.’’ चंपतरावांचा असा अपमान चौतीस वर्षांत झाला नव्हता. सिग्नल हिरवा झाला तरी ते त्या गृहस्थाला कलमं समजावून सांगत होते आणि मागे हॉर्न वाजत होते. पण फाटकापाशी आता ओळख झाली होती. भोंगा ओरडला तेव्हा लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. भाकरी वेळेत संपल्या.

उरला एक गुरुवार. शेवटचा.

त्या दिवशी प्रेमिलाबाईंनी पिठल्यात हात जरा सढळ ठेवला. गाडी पाचला पोचली. फाटकाच्या पलीकडचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवला होता. मातीचे ढीग, वर लाल पट्टी. गाडी कशीबशी लावली. कौसल्या ओरडली, ‘‘आली रे, अन्नपूर्णेची जप्ती आली!’’ प्रेमिलाबाई हसत हसत भाकऱ्यांच्या दुरड्या आणि गंज आतल्या कोपऱ्यात सरळ करत होत्या, तोच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी पिवळी गाडी वळली. तिच्यामागे जीप.

ती खरी होती.

शिट्टी झाली. पण पळणार कुठे? एका बाजूला पथक, दुसऱ्या बाजूला खड्डा. क्षणभर सगळा बाजार जागच्या जागी फिरला, आणि कौसल्याचा आवाज आला: ‘‘काकूच्या गाडीत टाका! पिवळ्या गाडीवाले पिवळ्या गाडीत कायले पाहतीन?’’

प्रेमिलाबाई ‘‘अहो, अहो’’ म्हणेपर्यंत आत केळ्यांचे घड आले. काटे आले. मोजे, रुमाल, चपला, बाळाचा पांगुळगाडा, फुटाण्याची भट्टी (विझवलेली), तीन छत्र्या, आणि एक चहावाला, जो सामानाबरोबर चुकून आत ढकलला गेला. चंपतराव जाळीपाशी उभे राहून सवयीनं म्हणत होते, ‘‘नाव सांगा, नाव सांगा, कोणाचं किती ते तरी सांगा!’’ दोन मिनिटांत रस्ता रिकामा, गाडी टपापर्यंत भरलेली, आणि गंज व दुरड्या त्या ढिगाच्या तळाशी. नातेवाईक भिंतीला लागून उभे. सूर्य दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीमागे टेकला होता.

जीपमधून साहेब उतरले. उंच, वाळलेले, चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. त्यांनी रिकामा रस्ता पाहिला. मग पिवळी गाडी पाहिली. ती तर आपल्याच खात्याची.

‘‘कोणतं पथक हे? मला कळवलं नाही कुणी. मॅडम, तुमचं नाव?’’

‘‘प्रेमिला.’’

‘‘गाडीत काय आहे?’’

भिंतीपाशी चाळीस माणसं श्वास धरून होती. कौसल्या डोळ्यांनी खुणावत होती, ओठ हलवत होती, ‘जप्तीचा माल म्हणा, जप्तीचा माल.’ पण प्रेमिलाबाईंना खोटं बोलायची सवयच नव्हती. गुरुवारी तर नाहीच नाही.

‘‘ह्या लोकांचा माल आहे साहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही आलात म्हणून त्यांनी माझ्या गाडीत लपवला. तुम्ही गेलात की मी सगळा परत देणार आहे. आत एक चहावालेही आहेत.’’

आतून चहावाला हळूच म्हणाला, ‘‘नमस्कार.’’

साहेब जागीच थांबले. नोकरीच्या सव्वीस वर्षांत रस्त्यावर त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांना शिव्या मिळाल्या होत्या, पाया पडणारे मिळाले होते, ‘आमचे मामा मंत्रालयात आहेत’ हे तर रोजचं. पण असं सरळ, पूर्ण आणि इतक्या शांत आवाजातलं खरं? खात्याची गाडी, खात्याचा रंग, आणि एक बाई तोंडावर सांगते की माल लपवला आहे, बघू आता तुम्ही काय करता. साहेबांच्या कपाळावर घाम आला. ही बाई वरून आलेली आहे. दक्षता विभाग. परीक्षा चालू आहे.

‘‘मॅडम,’’ ते सावधपणे म्हणाले, ‘‘आमचं काम नियमानंच चालतं. आज इथं, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर, काहीही आढळलेलं नाही. तसं लिहून घ्यावं.’’ त्यांनी हात केला. खरी गाडी मागे वळू लागली.

‘‘उतरवा रे!’’ कौसल्या गरजली. छत्र्या उतरल्या, भट्टी उतरली, चहावाला उतरला, केळी उतरली. तळाशी दुरड्या सापडल्या, झाकणाला जराही धक्का न लागलेला गंज सापडला, आणि प्रेमिलाबाईंनी असं वाढायला सुरुवात केली की चंपतराव नुसते भाकरी मोजूनच दमले. एकेक हात पुढे येत होता. पन्नास भाकरी गेल्या.

एक उरली.

‘‘घ्या मावशी.’’

‘‘नको वं माय! दोन खाल्ल्या, तिसरीनं मी इथंच बसून राहीन.’’

चहावाला जेवला होता. मोजेवाला जेवला होता. नातेवाईक जेवले होते. आकाश जांभळं झालं होतं. खांबावरचा दिवा आता कोणत्याही क्षणी लागणार. भुकेल्याच्या हातात, असं व्रत; आणि तेवढ्या रस्त्यावर, प्रेमिलाबाई धरून, उपाशी म्हणावीत अशी दोनच माणसं उरली होती, आणि ती दोन्ही संकल्पातली.

‘‘मी घेऊ काय?’’ चंपतराव आशेनं म्हणाले.

‘‘घरचे चालत नाहीत.’’

तेव्हा त्यांना जीप दिसली. खणलेल्या रस्त्यामुळे कोंडी झाली होती आणि साहेब अजून तिथंच अडकून बसले होते, ओठ सुकलेले. प्रेमिलाबाई भाकरीवर पिठल्याचा गोळा घेऊन धावतच गेल्या.

‘‘साहेब, तुम्ही जेवलात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ही घ्या.’’

साहेबांनी दोन्ही हात मागे नेले. ‘‘नाही मॅडम. मी ड्यूटीवर कुणाकडून काहीही घेत नाही. कृपया नोंद घ्या.’’

‘‘प्रसाद आहे. महाराजांचा. दिवा लागायच्या आत हातात पडला पाहिजे, नाहीतर माझे अकराचे अकरा गुरुवार...’’ त्यांनी भाकर आणखी पुढे केली. डोळे भरून आले.

साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. ‘‘तुमचाही गुरुवार आहे?’’ ते एकदम घरच्या आवाजात म्हणाले. ‘‘अहो, माझाही आहे. सकाळपासून पाण्यावर आहे मी. पण माझी पंचाईत उलटी आहे. दिवा लागल्याशिवाय मला खाता येत नाही.’’

त्यांचा दिवा लागल्यावर, ह्यांचा लागायच्या आत. प्रेमिलाबाईंना वाटलं, महाराजांनी एवढ्या मोठ्या नागपुरात नेमका हाच माणूस का शिल्लक ठेवावा?

तोडगा काढला तो चंपतरावांनी. चौतीस वर्षं नियम वाचलेला माणूस तो. ‘‘अवं, तुझ्या व्रतात काय आहे? हातात पडली पाहिजे. खाल्ली पाहिजे असं कुठं आहे?’’ ते म्हणाले. ‘‘आणि साहेब, तुमच्या व्रतात खायचं नाही असं आहे. धरायचं नाही असं नाही ना?’’

साहेबांनी दोन्ही हात पुढे केले. प्रेमिलाबाईंनी भाकर त्यांच्या ओंजळीत ठेवली.

मग तिघंही खांबाकडे पाहत उभे राहिले. मागे कौसल्या, चहावाला, मोजेवाला, सगळा बाजार येऊन उभा राहिला. कोंडी सुटली होती, मागून हॉर्न वाजत होते, पण कुणी हललं नाही. खांबावरचा दिवा एकदा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला, आणि लागला.

सगळ्यांनी हात जोडले. साहेबांचे गुंतलेले होते, म्हणून त्यांनी मान लववली. मग त्यांनी भाकरीचा घास तोडायला घेतला, आणि समोर उभ्या बाईंच्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. भाकरीचे सरळ दोन भाग केले, त्यातला मोठा प्रेमिलाबाईंच्या हातावर ठेवला, आणि त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले,

‘‘मॅडम, रिपोर्टात लिहालच, तर अर्धीच घेतली असं लिहा.’’